आईच्या फोटोसाठी हूड

छायाचित्रण ही प्रकाशाची उपासना आहे. हे वाक्य मला मान्य आहे, फक्त त्यात एक छोटी दुरुस्ती सुचवते: या उपासनेत भक्ताचा निम्म्याहून अधिक वेळ देवाला दाराबाहेर थोपवून धरण्यात जातो. हवा तेवढाच प्रकाश भिंगातून आत यावा आणि बाकीचा बाहेर राहावा, म्हणून भिंगाच्या तोंडाशी जी टोपी बसवतात तिला हूड म्हणतात. टोपडं म्हणता येईल, छप्परही म्हणता येईल. पण दुकानात जाऊन ‘भिंगाचं टोपडं द्या’ म्हटलं तर पुण्यातला दुकानदार काय उत्तर देईल याची मला पूर्ण कल्पना आहे, म्हणून मी हूडच म्हणते.

मी निवृत्त झाले त्या वर्षीच्या हिवाळ्यात या हूडने मला अक्षरशः वेड लावलं. माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या मैत्रिणी तेव्हा योगासनं करत होत्या, नातवंडं सांभाळत होत्या, एक जण संस्कृत शिकत होती. मी घरातल्या प्रत्येक पोकळ वस्तूला डोळा लावून आरपार बघत होते आणि मला फार मजा येत होती.

त्याची सुरुवात बाबांच्या फोटोपासून झाली. बाबा गेले तेव्हा घाईघाईत कुणाला चांगला फोटो सापडला नाही, म्हणून त्यांच्या पेन्शनच्या कागदांवरचा पासपोर्ट आकाराचा फोटो मोठा करून आणला आणि बैठकीच्या खोलीत लावला. त्यामुळे तेव्हापासून बाबा भिंतीवरून आमच्याकडे, कुणीतरी हयातीचा दाखला पुन्हा एकदा मागितल्यासारखे बघतात.

एका सकाळी त्या फोटोची काच पुसता पुसता आई म्हणाली, “माझं असं करू नकोस.”

“कसं?”

“असं. मी गेले की तुझी धावपळ होणार आणि तू आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणणार. त्यात मी कशी दिसते माहितीये? पकडून आणल्यासारखी. माझा फोटो आत्ताच काढून ठेव. मी बघणार, पास करणार, मगच तो भिंतीवर लागायचा.”

“अगं, सकाळी सकाळी काय हे बोलणं?”

“मग केव्हा बोलू? नंतर जमणार नाही.”

कर्वेनगरच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच राहतो, त्यामुळे आईच्या बोलण्यावर अपील करायला तिसरं कुणी नसतं. तरी मी पळवाट शोधली. इतक्या वर्षांत काढलेल्या फोटोंत तिचा एखादा तरी बरा फोटो निघेलच की! मी सगळे अल्बम काढून बसले आणि दुपारपर्यंत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. घराबाहेर काढलेल्या एकाही फोटोत आईचे डोळे उघडे नव्हते.

हे बाबांचं कर्तृत्व. फिल्मच्या रोलसोबत एक सूचनापत्रक येत असे आणि त्यावर छापलेलं असे की सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी असावा. बाबा सरकारी नोकर. छापील सूचना म्हणजे त्यांच्या लेखी शासन निर्णय. त्यामुळे महाबळेश्वर असो, पानशेत असो, नाहीतर आमच्याच इमारतीची गच्ची असो, बाबा आधी सूर्य पाठीशी घेत, मग आम्हाला सूर्यासमोर उभं करत आणि “कुणी हलू नका, डोळे मिटू नका” असं म्हणत बराच वेळ काहीतरी फिरवत राहत. फोटोंत आमचं अख्खं कुटुंब सामुदायिक ध्यानाला बसल्यासारखं दिसतं. ज्या एक-दोघांनी नेटाने डोळे उघडे ठेवले, त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतंय.

“बघ,” आई म्हणाली, “मी काही उगाच म्हणत नाही.”

“घरात काढू या ना. खिडकीजवळ.”

“घरात मी आजारी दिसते. गच्चीवर काढ. माझ्या उन्हात.”

आईचं ऊन हा आमच्या इमारतीत सर्वांना माहीत असलेला विषय होता. हिवाळ्यात सकाळी ती लिफ्टने शेवटच्या मजल्यापर्यंत जाई, तिथून एक जिना चढे, गच्चीच्या दाराशी ठेवलेली घडीची खुर्ची उघडे आणि वर्तमानपत्रातलं शब्दकोडं घेऊन पाण्याच्या टाकीजवळच्या एका ठरावीक जागी बसे. वर्षानुवर्षं. त्या जागी वाळवण घालायची कुणाची हिंमत नव्हती. घरात सांधे दुखतात म्हणून कुरकुरणारी आई तिथे वेगळीच दिसायची. ऊन पाठीवर घेतलेल्या मांजरासारखी.

आणि नेमकं तेच ऊन जायचं होतं. गल्लीपलीकडच्या जुन्या बैठ्या सोसायटीच्या जागेवर टॉवर उठत होता. आमच्या पूर्वेला, जरा उजवीकडे. त्याच्या पत्र्याच्या कुंपणावर भलामोठा फलक होता: ‘उगवत्या सूर्याशी थेट नातं’. हे नातं तोपर्यंत आमचं होतं. प्रत्येक नव्या स्लॅबबरोबर सूर्य टॉवरच्या मागे थोडा आधी जाऊ लागला. पूर्वी आईचं शब्दकोडं पूर्ण सुटेपर्यंत ऊन टिकायचं. आता उभे शब्द संपायच्या आत सावली यायची. पुढच्या हिवाळ्यात काही उरणार नाही हे सांगायला वास्तुविशारद नको होता. म्हणजे फोटो काढायचा तर याच हिवाळ्यात.

माझ्याकडे कॅमेरा होता. निवृत्तीनंतर सेकंडहँड घेतलेला, सोबत एक जुनी पन्नास एमएमची लेन्स. ही लेन्स साधारण आपल्या नजरेसारखं बघते, न फार जवळचं, न फार लांबचं, आणि माणसांचे चेहरे तिच्यात छान येतात. तिचं मूळचं हूड आधीच्या मालकाने हरवलं होतं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

मी विचार केला तो अगदी सरळ होता. सूर्य समोर असला की आई डोळे मिटते, म्हणून सूर्य तिच्या पाठीशी हवा. पांढऱ्या केसांच्या कडा उजळतील, हातातल्या वर्तमानपत्रावर पडलेलं ऊन उलटून चेहऱ्यावर येईल, डोळे उघडे राहतील. बाबांच्या शासन निर्णयाच्या बरोबर उलट! मला इतका आनंद झाला की त्याच सकाळी आईला वर बसवून मी धडाधड फोटो काढले.

सगळे पांढरेफटक आले. आई ताकात बुडवून काढल्यासारखी दिसत होती आणि एका फोटोत तर तिच्या कपाळाच्या मधोमध एक हिरवा षट्कोन उमटला होता.

“हे काय लावलंस माझ्या कपाळाला?”

“मी नाही लावलं. समोरचं ऊन तिरकं भिंगात शिरलं की असं होतं.”

“मग शिरू देऊ नकोस.”

छायाचित्रणाच्या पुस्तकांना हाच सल्ला द्यायला एक अख्खं प्रकरण लागतं. मी ती प्रकरणं वाचली. वाचताना जाणवलं की हूड ही किती देखणी कल्पना आहे. बाकी सगळं सामान काहीतरी मिळवण्यासाठी असतं. हूड फक्त नकार देतं. फोटोच्या चौकटीत ज्याला जागा नाही, त्या प्रकाशाला ते दारातूनच परत पाठवतं. पुणेरी वस्तू आहे, हे मला आधी कसं सुचलं नाही!

तेव्हा मी एका हौशी छायाचित्रकारांच्या गटातही जात असे. त्या गटाला एक सर होते. ते कशाचे सर होते हे कुणाला माहीत नव्हतं, पण सगळे त्यांना सरच म्हणत. मी त्यांना हूडबद्दल विचारलं. ते दूर कुठेतरी बघत म्हणाले, “मॅडम, हूड ही वस्तू नाही. ती एक शिस्त आहे.”

“हो, पण कुठलं घेऊ?”

“ते ज्याचं त्याने आत शोधायचं असतं.”

पुढच्या रविवारी गट कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गेला. वाघाच्या पिंजऱ्यासमोर आमचे सभासद रांगेने उभे राहिले. तोफांसारख्या लेन्सा आणि त्यांवर भलीमोठी हूडं. वाघ आमच्याकडे पाठ करून झोपला होता आणि त्याने शेवटपर्यंत मत बदललं नाही. मी मात्र सगळ्यांची हूडं बघत हिंडत होते, आणि मला एक शोध लागला. रांगेतल्या बहुतेकांनी हूड उलटं लावलेलं होतं. बॅगेत जागा कमी लागावी म्हणून हूड लेन्सवर उलटं बसवता येतं, तोंड छायाचित्रकाराकडे करून. तशा अवस्थेत ते सूर्याला अडवत नाही, कशालाच अडवत नाही. ते फक्त ‘माझ्याकडे हूड आहे’ एवढं सांगतं. सरांचंही उलटंच होतं. ती शिस्त त्यांना आत सापडली असावी.

घरी येऊन मी स्वतःच प्रयोग सुरू केले. पहिलं हूड श्रीखंडाच्या डब्याचं. तळ कापला, डबा लेन्सवर बसवला, अगदी घट्ट बसला. फोटो आधीपेक्षा पांढरा आला. मग कळलं की डब्याची आतली चकचकीत बाजू आजूबाजूचं सगळं ऊन गोळा करून आत पाठवत होती. म्हणजे मी नको त्या पाहुण्यांसाठी स्वागत समिती नेमली होती. हूड आतून काळं हवं, आणि तेही मंद, चमक नसलेलं. दुसरं हूड मी काळ्या कार्डबोर्डाचं केलं. ते झकास होतं, पण गच्चीवरच्या वाऱ्याला फारसं पटलं नाही. ते खाली गेलं आणि पार्किंगमधल्या कुणाच्या तरी गाडीच्या बोनेटवर जाऊन उतरलं.

“विकत मिळत नाही का?” आईने कोड्यातून मान वर न काढता विचारलं.

म्हणून मी बुधवार पेठेत गेले. वायरी, रिमोट, स्पीकर आणि घंटागाडीएवढे आवाज करणाऱ्या खेळण्यांच्या दुकानांमधून आत गेलं की एका जिन्याखाली कॅमेऱ्याच्या सुट्या सामानाचं जुनं दुकान आहे. मालक सत्तरीचे. पेपर वाचत होते.

“हूड हवंय,” मी म्हटलं.

“कशाला?” पेपर तसाच वर.

मला वाटलं, कुठल्या लेन्सला असं विचारताहेत. “पन्नास एमएमला.”

“तसं नाही. मिरवायला की वापरायला?”

“मिरवायचं वेगळं असतं का?”

“वेगळं नसतं. ते उलटं लावतात.”

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. “वापरायला,” मी म्हटलं, आणि पेपर खाली आला.

मी सगळं सांगितलं: आई, ऊन, गच्ची, हिरवा षट्कोन. फोटो कशासाठी काढायचाय तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू अशी गिऱ्हाइकं रोजच येतात.

“तुमच्याकडे सगळ्यात खोल हूड कुठलं?” मी विचारलं. वाचन करून माझा सिद्धान्त पक्का झाला होता. हूड जितकं खोल, तितकं ऊन कमी.

त्यांनी एक काळं धातूचं नळकांडं पुढे ठेवलं. वजनदार, आतून मखमलीसारखं काळं. मी हरखलेच. “हे द्या!”

“ते लांबचं बघणाऱ्या लेन्सचं आहे. एकशे पस्तीसच्या.”

“बसेल ना पण?”

“बसेल की. टोपी कुणाच्याही डोक्यावर बसते.”

“मग द्या.”

“घ्या. परत आणाल तेव्हा खोका सोबत आणा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटोतला पांढरेपणा कुठल्या कुठे गेला होता! मी आनंदाने ओरडलेच. मग मी फोटो मोठा करून बघितला. चारही कोपरे काळेकुट्ट होते आणि मधल्या गोलात आई वर्तमानपत्र घेऊन बसली होती. लांबचं बघणाऱ्या लेन्सची नजर अरुंद असते, तिला खोल हूडच्या भिंती दिसत नाहीत. माझ्या लेन्सची नजर रुंद होती, तिने भिंतींसकट फोटो काढला होता.

आईने तो लांब धरून बघितला. “मी काय बोअरवेलमध्ये पडलेय?”

मी खोक्यासकट बुधवार पेठेत गेले.

“खोका आणलात. छान.” मालकांनी एवढंच म्हटलं.

या वेळी मी पाकळ्यांचं हूड मागितलं. तेच, जाहिरातीतल्या प्रत्येक कॅमेऱ्यावर दिसतं ते, फुलासारखं कापलेलं. त्या आकारालाही कारण आहे. फोटोची चौकट आयताकृती असते, कोपऱ्यांची नजर सगळ्यात लांब जाते, म्हणून कोपऱ्यांच्या जागी हूड तोकडं ठेवतात आणि बाकीच्या बाजूंना लांब. हे कळल्यावर मला झोप लागेना, इतकं ते सुबक वाटलं.

“हे दिसतं मात्र सुंदर,” मी म्हटलं.

“दिसतंच,” ते म्हणाले. त्या एका शब्दात बराच मजकूर होता, तो मला घरी गेल्यावर वाचता आला. माझ्या लेन्सवर हूड आट्यांनी फिरवून बसवावं लागे, आणि आटे जिथे संपत तिथे पाकळ्या थांबत. त्या तिरक्या थांबल्या, एका बाजूला कललेल्या फेट्यासारख्या. शिवाय लेन्स इतकी जुनी की फोकस करताना तिचं तोंड फिरे आणि त्याबरोबर पाकळ्याही फिरत. मी आईच्या डोळ्यांवर फोकस केला, तेव्हा दोन पाकळ्यांमधली फट बरोबर सूर्याकडे वळली. षट्कोन परत आला. या वेळी नाकावर.

“सरकतोय,” आई म्हणाली. “संक्रांतीपर्यंत हनुवटीवर येईल.”

तिसऱ्यांदा गेले तेव्हा मालकांनी मी काही बोलायच्या आत एक घडीचं रबरी हूड काढून ठेवलं. गोल, काळं, दिसायला अगदी सामान्य. सिंकच्या तोंडाला बसवायचा भाग वाटावा असं. ओढलं की खोल होई, दाबलं की उथळ, त्यामुळे कोपरे काळे होणार नाहीत इतपत खोल ठेवता येई.

“हे तुम्ही आधी का नाही दाखवलंत?”

“तुम्ही खोल मागितलंत, खोल दिलं. सुंदर मागितलंत, सुंदर दिलं.” त्यांनी पेपर उचलला. “चालणारं मागितलं नव्हतंत.”

“आता हे चालेल ना पण?”

“सूर्य चौकटीपासून जरा लांब असेल तर चालेल. अगदी काठावर येऊन बसला असेल तर तुमच्या हूडने नाही भागायचं. मग सूर्यालाच सांगा.”

आणि सूर्य काठावरच होता. रबरी हूडने फोटो खरोखरच सुधारले, षट्कोन गेला, काळे कोपरे नव्हते, पण एक पातळ धुकं उरलंच, आईच्या चेहऱ्यावर साय धरल्यासारखं. मला दिसत होतं की फोटो होणार आहे, अगदी दारात आहे, फक्त आत येत नाहीये. रोज सकाळी मी वर. रोज आई वर. आणि रोज टॉवरवर हिरव्या जाळ्या आणि लोखंडी सळया आणखी उंच. एके दिवशी आईने पलीकडे बघत म्हटलं, “स्लॅब भरला बघ.” त्या दिवशी ऊन चहा थंड व्हायच्या आधी गेलं.

“घाई नाही मला,” ती खाली येताना म्हणाली. मग दोन पायऱ्या उतरून, “पण त्याला आहे.”

शेवटचा प्रयत्न म्हणून आम्ही जी सकाळ ठरवली ती कडक थंडीची निघाली. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. आई तिची आवडती मोरपंखी साडी नेसून आली, आणि त्यावर मरून स्वेटर, पायमोजे, आणि कानटोपी.

“आई, कानटोपी काढ.”

“कान दुखतात.”

“तुझे केस दिसायला हवेत. त्यांच्यामागून ऊन येणार आहे, त्यासाठी तर सगळं चाललंय.”

“आणि हाच फोटो लावणार ना तू? मग निदान कान गार पडून मी गेले असं तरी कुणी म्हणायला नको.”

शेवटी तह झाला: स्वेटर राहील, कानटोपी जाईल, पण फोटो झाल्याबरोबर परत येईल. ती खुर्चीत बसली, कोडं उघडलं, चष्मा सारखा केला. ऊन तिच्या मागून, जरा उजवीकडून आलं आणि पांढऱ्या केसांची प्रत्येक बट पेटली. मी कॅमेरा लावला. धुकं होतंच. हूड ओढलं, कोपरे काळे. दाबलं, धुकं. तेवढ्यात टॉवरच्या सावलीची सरळ, धारदार कड गच्चीच्या उजव्या कठड्यावरून आत उतरली आणि फरशीवरून आमच्याकडे सरकायला लागली.

“आई, सावली येतेय! खुर्ची डावीकडे घे! आणखी!”

“खुर्ची घेऊ की बसू?”

मी पळत जाऊन तिला खुर्चीसकट डावीकडे सरकवलं, पळत माझ्या जागी आले. सावली आणखी पुढे आली. परत पळाले, परत सरकवलं. आईच्या पाठीमागे आता पाण्याची टाकी नव्हती, मोकळं आकाश होतं, आणि तिला आणखी डावीकडे सरकवायला जागाच उरली नव्हती. मी मागे वळून माझ्या जागी धावले तेव्हा सावली माझ्या चपलांवर आली होती, मग गुडघ्यांवर, मग मला चेहऱ्यावर एकदम गारवा लागला. गेलं, मला वाटलं. संपलं. निदान शेवटचं एकदा बघू म्हणून मी कॅमेऱ्याला डोळा लावला.

धुकं नव्हतं.

कुणीतरी काच पुसून घेतल्यासारखं सगळं लख्ख. मोरपंखी रंग मोरपंखी होता. सुरकुत्या सुरकुत्या होत्या. मी कॅमेरा खाली केला आणि इकडेतिकडे बघितलं. मी सावलीत उभी होते आणि आई अजून उन्हात. टॉवरची कड सूर्य आणि माझी लेन्स यांच्या बरोबर मध्ये आली होती, पण सूर्य आणि आई यांच्या मध्ये अजून आली नव्हती. चौकटीच्या अगदी जरा बाहेर, चौकटीला कुठेही न शिवता, तो अगडबंब सांगाडा त्याच्या जाळ्या-सळयांसकट तेच करत होता जे मी श्रीखंडाच्या डब्यापासून रबरापर्यंत शोधत होते.

“आई! आई, हलू नकोस!”

“अगं, तू सावलीत गेलीस.”

“माहितीये! बोलू नकोस!”

“का? फोटोत आवाज येतो?”

मी हसत होते, कॅमेरा हलत होता, मी श्वास धरला. आईने कोड्यावरून मान वर केली. वर्तमानपत्रावरचं ऊन तिच्या चेहऱ्यावर आलं होतं. भुवया वर, ओठांचा एक कोपरा किंचित वाकडा, आणि डोळे पूर्ण उघडे, थेट माझ्याकडे, ‘झालं का तुझं एकदाचं?’ असं विचारणारे. मी बटण दाबलं. आणखी दाबलं. दाबतच राहिले, सावली तिच्या खांद्यावर चढून केसांवरून पलीकडे जाईपर्यंत.

आईने आधी कानटोपी घातली. मग खुर्चीची घडी केली, आणि मी तिला कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“हं,” ती म्हणाली. “डोळे उघडे आहेत.”

“पास?”

“पास.” मग टॉवरकडे बघून, “त्या धुडाचा एवढा एक उपयोग झाला.”

“आई, याच्यापेक्षा चांगलं हूड बाजारात नाही.”

“महाग पडलं मात्र,” ती म्हणाली, आणि माझा हात धरून जिना उतरली.

फोटो मोठा करून आणला, चौकट केली, आणि मी तो नीट गुंडाळून कपाटात ठेवायला निघाले. आईने अडवलं. “कपाटात कशाला? तिथे मला कोण बघणार? बाबांशेजारी लाव. हार तेवढा थांबू दे.” म्हणून तो लागला. बाबा हयातीचा दाखला शोधताहेत आणि शेजारी आई त्यांना ‘मिळाला का?’ असं विचारते आहे, असं काहीसं आता आमच्या भिंतीवर दिसतं.

काही दिवसांनी बाबांचे एक जुने सहकारी खूप वर्षांनी घरी आले. बैठकीत पाऊल टाकताच त्यांची नजर भिंतीवर गेली. ते थबकले. दोन्ही हात जोडले, डोळे मिटले. “अरेरे,” ते मला हळूच म्हणाले, “वहिनी पण? कधी? आम्हाला कळवलंही नाहीत.”

आई स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. “कळवणार आहोत,” ती म्हणाली. “तारीख ठरली नाही अजून. साखर किती घालू?”

टॉवर आता पूर्ण झालाय, लोक राहायलाही आलेत. आमच्या गच्चीवर ऊन दुपारी येतं. आई ते घेत नाही, म्हणते की ते तिचं नाही. शब्दकोडं ती खिडकीशी बसून सोडवते. सरांनी आमच्या गटाच्या प्रदर्शनासाठी तो फोटो मागितला, आणि सोबतच्या पट्टीवर लिहायला कुठलं हूड वापरलं तेही विचारलं. मी टॉवरचा पत्ता दिला.

रबरी हूड आम्ही स्वयंपाकघरात ठेवलंय. तूरडाळ बरणीत ओतताना ते बरणीच्या तोंडावर बरोबर बसतं. सांडत नाही.